ट्रामगाडी, रेल्वेगाडी आणि मूलभूत संशोधन

(द्वितीय वर्ष, कला)

मुंबईत घोड्यांनी ओढायची ट्राम १८७४ साली सुरू झाली. विसावे शतक उजाडता उजाडता ती विजेवर चालवायचे ठरले. शहर वाढत होते, गिरण्यांची वस्ती पसरत होती, माणसांना कामावर वेळेत पोचायचे होते; तेव्हा या निर्णयात वावगे काही नव्हते. परंतु त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत, चुंबकाची एक सुई टांगलेली होती आणि विजेची ट्राम धावू लागली की त्या सुईचे काम संपणार होते. ट्राम हवी म्हणणाऱ्या मुंबईकरांपैकी किती जणांना ही सुई ठाऊक असेल?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञानावर लेखणी चालवावी, हे आमच्या शास्त्र शाखेच्या मित्रांना आगाऊपणाचे वाटेल. पण मला लिहायचे आहे ते विज्ञानावर कमी आणि कारभारावर अधिक. नगरपालिका, जिल्हा परिषद, बाजार समिती, राज्य सरकार ही मंडळी सहसा प्रयोगशाळेच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्या विषयपत्रिकेवर रस्ते असतात, दिवे असतात, पाणी असते, औद्योगिक वसाहत असते. आणि तरीही जे संशोधन ‘याचा उपयोग काय?’ असे न विचारता केले जाते, ते कुठे व्हायचे आणि किती काळ टिकायचे, हे पुष्कळदा याच कागदांवरून ठरते. दिल्लीच्या अनुदानाइतकेच ते गावातल्या दिव्याच्या खांबावरून ठरते असे माझे मत आहे, आणि ते का, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होऊ लागली. मोजणी म्हणजे काय, तर टांगलेली सुई तासातासाला किती सरकली ते पाहायचे आणि वहीत लिहायचे. आज लिहायचे, उद्या लिहायचे, वर्षानुवर्षे लिहायचे. असे काम पाहून कोणीही म्हणावे की हे लोक सरकारी पगारावर वेळ घालवत आहेत. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावर मोठा उद्रेक झाला. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी तो १ सप्टेंबरला दुर्बिणीतून पाहिला. पाठोपाठ पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे बिघडली. त्या वेळी कुलाब्याच्या सुईने सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण दाखवली. एरवीच्या मोठ्या वादळातली घसरण काही शेकड्यांतच असते, एवढ्यावरून या आकड्याची कल्पना यावी. मग ती नोंद वहीत पडून राहिली. २००३ साली अमेरिकेतील आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिच्या आधारे त्या वादळाची ताकद किती होती याचा हिशेब मांडला. म्हणजे तब्बल १४४ वर्षांनी! आज आकाशात उपग्रह आहेत, देशभर विजेच्या उच्चदाबाच्या वाहिन्या आहेत; तसले वादळ पुन्हा आले तर काय होईल याचा विचार करणारे जगभरचे लोक कुलाब्याच्या त्या नोंदीचा हवाला देतात. ज्या कारकुनाने ती टिपली असेल, त्याला याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

अशा सुईच्या शहरात विजेची ट्राम येणार होती. ट्रामचा प्रवाह रुळांतून परत फिरतो, त्यातला काही जमिनीत झिरपतो. आणि जिथे प्रवाह तिथे चुंबकत्व, हे शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचलेले आहे. सुईला सूर्यावरचे वादळ आणि रस्त्यावरची ट्राम यांतला फरक कळत नाही. ती दोन्हींना सारखीच मान देते.

वेधशाळेचे संचालक तेव्हा नानाभाई फ्रामजी मूस होते. १८९६ साली त्या जागेवर आलेले ते पहिले भारतीय. ट्राम नको, असा हट्ट त्यांनी धरला नाही. त्यांनी जागा शोधली. जागा अशी हवी होती की ट्रामचा उपद्रव तिथे पोचू नये, पण कुलाब्यापासून ती फार दूरही नसावी, नाहीतर जुन्या नोंदींशी नव्यांचा मेळ बसला नसता. ती त्यांना खाडीपलीकडे अलिबागला सापडली. तिथे पोरबंदरी दगडाची इमारत उभी राहिली. लोखंड टाळून तांब्यापितळेचे सामान वापरले, कारण इमारतीनेच सुईला ओढायला नको. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे जोडीने नोंदी घेतल्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या आणि मगच कुलाब्याची चुंबकीय नोंद थांबवली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी.

या तारखांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी सुई हलली, मग ट्राम आली. ट्राम आपल्या जागी चालली, वहीही तुटली नाही. परकीय सरकारची स्तुती करण्याचा माझा हेतू नाही. दुष्काळात आणि प्लेगात त्याच सरकारने काय केले ते आपण इतिहासाच्या तासाला शिकतोच. शिवाय अलिबागच्या रहिवाशांना त्या वेधशाळेचे काय मिळाले, असेही विचारता येईल. परंतु प्रश्न वेळेवर विचारला गेला, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. मुंबईतली ट्राम १९६४ साली कायमची बंद झाली. अलिबागची नोंद चालूच राहिली.

आता मुंबईहून आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावर येऊ. या रस्त्याने पुण्याला जाताना नारायणगाव लागते. नारायणगाव म्हणजे टोमॅटोचे लासलगाव म्हणा ना! तिथून जवळ खोडद नावाचे गाव आहे आणि तिथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे ‘जीएमआरटी’, ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मधोमध एकमेकींजवळ आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. पोलादी पत्र्याऐवजी तारांची जाळी वापरून त्या हलक्या आणि स्वस्त केल्या, ही डॉ. स्वरूप यांची कल्पना. शेतातून, टेकड्यांमागून या तबकड्या डोके वर काढून उभ्या असतात.

त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकतात. या लहरी किती क्षीण असाव्यात? २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाले की डॉ. अर्णब चक्रवर्ती आणि डॉ. निरुपम रॉय यांनी या दुर्बिणीतून एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची खूण टिपली. ती लहर तिथून निघाली तेव्हा आजच्याहून सुमारे ८८० कोटी वर्षे कमी होती. म्हणजे आपली पृथ्वी, सूर्य काहीच जन्मलेले नव्हते. वाटेत दुसरी एक दीर्घिका आडवी होती, तिने भिंगासारखे काम केले म्हणून ती लहर दिसण्याइतकी मोठी झाली. आता, घरात ट्रान्झिस्टरवर बातम्या लागलेल्या असताना शेजारी मोटारीचा स्टार्टर दाबला की कशी खरखर होते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. जवळच्या आकाशवाणीचा आवाज एका मोटारीने बुडतो, तर ८८० कोटी वर्षांच्या वाटचालीने थकलेल्या लहरीचे काय होईल?

खोडद निवडले गेले ते याच कारणाने. मोठ्या शहरापासून लांब, मध्ये डोंगर, आजूबाजूला शेती; तेव्हा गोंगाट कमी. हा गोंगाट कमीच राहावा म्हणून राज्य सरकारने दुर्बिणीभोवतीच्या टापूत मोठ्या उद्योगांवर बंधने ठेवली. नवा कारखाना काढायचा तर दुर्बिणीच्या संस्थेचा ना हरकत दाखला लागतो. म्हणजे असे पाहा : विश्वाच्या आरंभकाळाचा अभ्यास करणारे एक मोठे यंत्र राज्याच्या उद्योग खात्याच्या एका अटीवर उभे आहे. ती अट ढिली झाली की तबकड्या जागच्या जागी राहतील, पण ऐकू काही येणार नाही.

मग नाशिक-पुणे रेल्वे आली. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, चाकण अशी सुमारे २३५ किलोमीटरची अर्ध-अतिजलद गाडी. या आखणीला राज्य सरकारने मान्यता दिली, आपल्या जिल्ह्यात सिन्नरकडे काही जमिनींची खरेदीही झाली. आणि या सगळ्यानंतर दुर्बिणीचा प्रश्न ऐरणीवर आला. विजेची गाडी धावताना छपरावरच्या दांड्याच्या आणि तारेच्या घर्षणातून ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजे रेडिओ लहरींचा गोंगाट. पुढे रेल्वे मंत्रालयाने दुर्बिणीचे कारण देऊन हा मार्ग नाकारला आणि २०२५ साली शिर्डी-अहिल्यानगरवरून जाणाऱ्या मार्गाची भाषा सुरू झाली. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर भागांत लोक संतापले. दुर्बीण हलवा, अशीही मागणी झाली.

या वादात मी कोणाच्या बाजूला आहे? मी रेल्वेच्या बाजूला आहे, हे आधी सांगून टाकतो. आमच्या घरात महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडणारा मी पहिला. पदवीनंतर पुण्याला जाऊन काही करावे, असे माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या मनात आहे. लासलगावला रेल्वे स्टेशन आहे, पण पुण्याला जायचे तर मनमाड-दौंड असा वळसा, नाहीतर एस.टी.त पाठ मोडून घ्यायची. नाशिकहून दोन-अडीच तासांत पुणे, हे आम्हाला स्वप्नासारखेच वाटले होते. तेव्हा ‘विज्ञानासाठी थोडी गैरसोय सोसा’ असा उपदेश जर कोणी मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात बसून करत असेल, तर त्याने आधी एकदा दिवाळीच्या गर्दीत नाशिक-पुणे एस.टी.ने उभ्याने प्रवास करून पाहावा.

पण दुर्बीण हलवा, हे म्हणणे मात्र मला पटत नाही. अलिबागसाठी एक इमारत आणि काही यंत्रे पुरली होती. इथे ३० तबकड्यांचे पाये आहेत, मैलोगणती जमिनीखालून नेलेल्या तारा आहेत, आणि मुख्य म्हणजे जिथे न्याल तिथेही उद्या कोणाला तरी कारखाना हवाच असणार. त्यापेक्षा रूळ वळवणे सोपे. ते कुठून आणि किती वळवायचे हे अभियंत्यांनी सांगावे. माझा राग आहे तो क्रमावर. १९०७ ची ट्राम येण्यापूर्वी तीन वर्षे सुईची सोय झाली होती. आमच्या रेल्वेच्या बाबतीत जमिनीची खरेदी आधी आणि दुर्बिणीची आठवण नंतर. दुर्बीण काही एका रात्रीत उगवली नव्हती. ती विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे आहे. रस्त्याने जाणाऱ्यालासुद्धा तिच्या तबकड्या दिसतात. आखणीचा पहिला नकाशा टेबलावर पसरला तेव्हाच कोणीतरी तिच्यावर बोट ठेवायला हवे होते. तसे झाले असते तर आज ‘शेतकऱ्याचे पोर विरुद्ध शास्त्रज्ञ’ असा जो खोटा सामना लागला आहे, तो लागला नसता.

दुसरे असे, की जुन्नरकरांची तक्रार पोकळ नाही. मोठे कारखाने नाहीत, कामासाठी चाकणला जावे लागते, आणि आता गाडीही दुसरीकडून. संशोधनाचा मान देशाला, लेखांवर नावे शास्त्रज्ञांची आणि गप्प बसण्याचे काम तेवढे गावाला! गोंगाट न करणे हीसुद्धा एक देणगी आहे आणि देणाऱ्याला त्याची पोच मिळाली पाहिजे. टोमॅटो-द्राक्षांवर प्रक्रिया करणारे, लहरींचा उपद्रव न होईल असे बंदिस्त उद्योग, चांगली वसतिगृहे, एखादे भौतिकशास्त्राचे उत्तम महाविद्यालय, हे त्या टापूला हक्काने मिळायला काय हरकत आहे? संस्थेने काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला मोठे विज्ञान प्रदर्शन भरते, खेड्यापाड्यांतली हजारो मुले तिथे जातात. पण प्रदर्शन दोन दिवसांचे आणि बंधन बारा महिन्यांचे, हा हिशेब काही जुळत नाही.

स्थानिक कारभार मनावर घेईल तर गोष्ट किती सोपी असते याचे एक उदाहरण विदर्भात आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसराला २०२४ च्या जानेवारीत काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतातले असे पहिलेच. त्यासाठी वाघोली, सिल्लारी अशा आसपासच्या गावांतले दिवे बदलून उजेड खाली पडेल असे बसवले. गाव अंधारात गेले नाही, आकाश मात्र मोकळे झाले. खर्च तो काय, दिव्यांवरच्या झाकणांचा! उद्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांना अणूहूनही कितीतरी बारीक हालचाल टिपायची आहे. तिथे खडी क्रशरला परवाना द्यायचा की नाही, अवजड वाहनांचा रस्ता कुठून न्यायचा, हे काही पॅरिसला किंवा दिल्लीला ठरणार नाही. ते जिल्ह्याच्याच कचेरीत ठरेल. त्या कचेरीतल्या माणसाला हे आधीच कोणी समजावून सांगणार आहे का?

कोणी म्हणेल, हे सारे तारे-ग्रह ठीक आहेत, लासलगावला त्याचे काय? आमचे अप्पाही हेच म्हणतात. दीड एकराचा उन्हाळ कांदा चाळीत भरायचा, पावसाळ्यात त्याला कोंब फुटताना पाहायचे, आणि भाव येईपर्यंत निम्मा टिकला तर देवाची कृपा. अशा माणसाने दीर्घिकेची चिंता करावी तरी कशी? पण त्यांच्याच कांद्याची गोष्ट घ्या. आपल्या लासलगावात २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू केले. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडले की कोंबाच्या पेशींची वाढ थांबते आणि कोंब फुटत नाही. कांदा किरणोत्सारी होत नाही. हे ज्ञान आले कुठून? किरणांनी सजीवाच्या आनुवंशिक द्रव्यात बदल होतात, हे हर्मन म्युलर यांनी १९२७ साली फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९४६ चे नोबेल मिळाले. पुढच्या कितीतरी संशोधकांच्या कामातून तो धागा आपल्या गावापर्यंत आला. कोणत्या बाजार समितीने फळमाश्यांवर खर्च करण्याचा ठराव केला असता?

आणि याच केंद्राचे पुढे काय झाले तेही बोलके आहे. २००७ साली इथून विकिरण होऊन हापूस आंबा अमेरिकेला गेला आणि कांद्याच्या गावचे हे केंद्र आंब्यासाठी नावाजले. कोंब थांबला तरी सड थांबत नाही, शीतगृह लागते, वाहतूक लागते, म्हणून आमच्यासारख्यांचा कांदा चाळीतच राहिला. कांदा मुळात किती दिवस झोपतो, का जागा होतो, कोणत्या वाणात ही झोप लांब असते, हा अभ्यास अजून पुष्कळ व्हायचा आहे, आणि तो उपयोगी असला तरी मूलभूतच आहे. कांदा-लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ साली नाशिकला सुरू झाले आणि १९९८ साली राजगुरुनगरला गेले. मी आमच्या गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारले, ते गेले तेव्हा इथे कोणी काही बोलले होते का? असे एखादे केंद्र कधी नाशिकला होते हेच कोणाला आठवेना. लिलाव एक दिवस बंद पडला तर मात्र रास्ता रोको होतो. तो व्हावाच, पोटाचा प्रश्न आहे. पण लिलावगृह, काँक्रीटचे आवार आणि भुईकाटा यांपलीकडे आपल्या मागण्यांच्या यादीत काही असू नये काय?

मी पैसे मागत नाही. मागतो ती विषयपत्रिकेवर एक ओळ. नगरपंचायत असो, जिल्हा नियोजन समिती असो वा मंत्रालय, नवे काम मंजूर करताना एवढे विचारावे की या कामाने आसपासच्या कोणत्या मोजणीत बिघाड होईल? सुरुवात अगदी घरापासून करता येईल. गावोगावी पर्जन्यमापक असतात. भोवतालच्या झाडापासून, भिंतीपासून ते उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे असा नियम आहे. शेजारी शेड उठली की पाऊस तेवढाच पडतो, पण नोंद कमी होते. त्या नोंदीवर मान्सूनचा अभ्यास चालतो आणि विम्याची भरपाईही ठरते. पर्जन्यमापकाशेजारची ती शेड म्हणजे आपल्या गावची ट्रामच.

भूगोल विभागाच्या सरांना एक विनंती आहे. दर वर्षीची आपली सहल ठरलेल्या ठिकाणी जाते. या वर्षी ती २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला न्यावी. येताना नारायणगावच्या बाजारात अर्धा तास थांबावे आणि रेल्वेबद्दल तिथल्या मुलांना काय वाटते ते आपण त्यांच्याच तोंडून ऐकावे. आणि जाण्याआधी, सहलीची वर्गणी गोळा होईपर्यंतच्या दिवसांत, आपल्या परिसरातला पर्जन्यमापक कुठे आहे आणि त्याच्या आजूबाजूला काय काय उभे राहिले आहे, याची टेप लावून मोजणी आम्ही द्वितीय वर्षाचे विद्यार्थी करायला तयार आहोत.